कंपनीने मीडिया सॉफ्टवेअर बंद करण्यापूर्वी संग्रहाची करावयाची तयारी

घरातील गाणी, चित्रपट, छायाचित्रे आणि टीव्हीवरून मुद्रित (रेकॉर्ड) केलेले कार्यक्रम एकाच पडद्यावर आणून देणारे सॉफ्टवेअर किती वर्षे चालेल, हे वापरणाऱ्याच्या हाती नसते. ते बनवणाऱ्या कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मीडिया सेंटरची हकिगत या बाबतीत बारकाईने पाहण्याजोगी आहे. २००२ मध्ये विंडोज एक्सपीच्या एका खास आवृत्तीतून ते आले, व्हिस्टा आणि विंडोज ७ च्या बहुतेक घरगुती आवृत्त्यांत ते आपोआप मिळू लागले, २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत ते वेगळे घ्यावयाचे जोडसाहित्य झाले आणि मे २०१५ मध्ये विंडोज १० मध्ये ते नसेल असे जाहीर झाले. त्या वर्षीच्या जुलैपासून ज्यांनी नव्या आवृत्तीवर उडी घेतली, त्यांच्या संगणकावरून ते काढून टाकले गेले. विंडोज ७ वर थांबलेल्यांना आणखी काही वर्षे मिळाली. परंतु १४ जानेवारी २०२० रोजी त्या आवृत्तीचा अधिकृत पाठिंबा संपला आणि त्याच महिन्यात टीव्हीच्या कार्यक्रमपत्रिकेचा पुरवठाही थांबला. कार्यक्रमपत्रिका नसेल, तर ठरलेल्या वेळी आपोआप मुद्रण करणारे सॉफ्टवेअर निम्मे निकामी होते.

तयारीची पहिली बाब म्हणजे अशा खुणा वेळेवर ओळखणे. आधी फुकट मिळणारी सोय वेगळी करून तिला किंमत लावली जाते, नव्या आवृत्तीत तिच्यासाठी काहीच नवे येत नाही, मदतीच्या पानांवर जुनीच चित्रे राहतात आणि कंपनीच्या घोषणांतून तिचे नाव गळते. विंडोज ८ च्या वेळी मायक्रोसॉफ्टने कारणही मोकळेपणाने सांगितले होते: डीव्हीडी आणि टीव्हीच्या प्रसारणासाठी लागणाऱ्या डीकोडरच्या, म्हणजे संकुचित चित्र उलगडून दाखवणाऱ्या घटकाच्या, परवान्यांचा खर्च प्रत्येक संगणकामागे द्यावा लागतो आणि संगणकावर टीव्ही पाहणारे लोक कमी होत आहेत. कंपनी एखाद्या सोयीचा खर्च असा उघडपणे मोजू लागली, की वापरणाऱ्याने त्या दिवसापासून आवराआवरीला लागावे. प्रत्यक्ष बंद होण्याची तारीख जाहीर झाल्यावर हाती राहणारा वेळ मोठ्या संग्रहाला सहसा पुरत नाही, कारण काम यंत्राचे कमी आणि निवडीचे जास्त असते.

त्यानंतर संग्रहाची मोजदाद करावी. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर सगळे एका रांगेत दिसत असले, तरी त्यातील वस्तूंचे मालकीहक्क सारखे नसतात. स्वतः काढलेली छायाचित्रे, घरगुती चित्रफिती आणि स्वतःच्या सीडीवरून उतरवलेली गाणी पूर्णपणे आपल्या ताब्यात असतात. कुलूपबंद स्वरूपात विकत घेतलेल्या किंवा मुद्रित झालेल्या गोष्टी कंपनीच्या परवान्यावर चालतात. मासिक शुल्कावर ऐकायला किंवा पाहायला मिळणाऱ्या गोष्टी तर आपल्या नसतातच, त्यामुळे त्यांची मोजदाद करण्यात वेळ घालवू नये. हवी असल्यास नावांची यादी तेवढी उतरवून ठेवावी. प्रत्येक वस्तू कोणत्या डिस्कवर आणि कोणत्या फोल्डरमध्ये आहे, हे सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये पाहून लिहून काढावे, कारण अनेकदा सॉफ्टवेअरने काही फाइली स्वतःच्या आडबाजूच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या असतात आणि त्या नेमक्या स्थलांतरात सुटतात.

कुलूपबंद वस्तूंचा विचार सर्वांत आधी करावा, कारण त्यांची मुदत इतर सर्वांपेक्षा लवकर संपते. मीडिया सेंटरमध्ये मुद्रित केलेल्या ज्या कार्यक्रमांवर प्रसारकाने प्रत काढण्याचे बंधन घातले होते, ते ज्या संगणकावर मुद्रित झाले त्याच संगणकावर चालत. फाइल दुसरीकडे नेता येई, पण उघडता येत नसे. संगीताच्या बाबतीतही असेच झाले आहे. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या एमएसएन म्युझिक या दुकानातून विकलेल्या गाण्यांसाठी नवे परवाने देणे थांबवण्याचे ठरवले आणि ग्राहकांच्या नाराजीनंतर ती मुदत वाढवली. परवाना देणारा सर्व्हर बंद झाल्यावर पैसे मोजून घेतलेले गाणेही नव्या संगणकावर वाजत नाही. म्हणून विक्रेत्याने कुलूप नसलेली प्रत देऊ केली असेल, तर ती आजच उतरवून घ्यावी. परतावा देऊ केला असेल, तर त्याची अंतिम तारीख नोंदवावी. आणि दोन्ही शक्य नसेल, तर ती वस्तू पाहून किंवा ऐकून घेऊन तिचा निरोप घ्यावा. कुलूप तोडण्याची साधने मिळतात, परंतु अनेक देशांत ती वापरणे कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे या यादीत त्यांना स्थान नाही.

आपल्या ताब्यातील फाइलींचे स्वरूप हा यापुढचा भाग. मीडिया सेंटर सुरुवातीला डीव्हीआर-एमएस आणि नंतर डब्ल्यूटीव्ही या स्वतःच्या पद्धतीच्या फाइली बनवीत असे, आणि ज्या घरांत आजही अशा फाइली पडून आहेत, तेथे त्यांना हलवण्याचे काम अजूनही करता येते. येथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे. व्हिडिओची फाइल म्हणजे आत चित्र, ध्वनी आणि सबटायटल यांचे स्वतंत्र प्रवाह आणि बाहेर त्यांना एकत्र धरणारे वेष्टन. एफएफएमपेगसारख्या मुक्त साधनाने कुलूप नसलेल्या डब्ल्यूटीव्ही फाइलीचे केवळ वेष्टन बदलून ती एमकेव्ही या मुक्त वेष्टनात नेता येते. आतील चित्राला हात लागत नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो आणि काम डिस्कच्या वेगाने उरकते. याउलट चित्र नव्याने संकुचित करण्याचा पर्याय निवडला, तर वेळ कितीतरी पट लागतो आणि प्रत्येक वेळी थोडा तपशील कायमचा जातो. जागा वाचवण्याच्या मोहाने घरगुती चित्रफितींवर हा प्रयोग करू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण त्यांची दुसरी प्रत जगात कोठेही नसते. वेष्टन बदलल्यानंतर नव्या आणि जुन्या फाइलीची लांबी ताडून पाहावी आणि सुरुवातीचा, मधला व अगदी शेवटचा भाग चालवून ओठांची हालचाल व आवाज जुळतो की नाही, हे तपासावे; ध्वनी मागे पडत असेल तर तो शेवटच्या भागात सर्वाधिक जाणवतो.

गाण्यांसाठी नियम सोपा आहे. दर्जात घट न होता साठवलेली गाणी फ्लॅक या घट न करणाऱ्या मुक्त स्वरूपात न्यावीत, आणि आधीच घट झालेली डब्ल्यूएमए किंवा एमपी३ गाणी जशी आहेत तशीच राहू द्यावीत, कारण एका घटणाऱ्या स्वरूपातून दुसऱ्यात नेल्याने नुकसान आणखी वाढते. फ्लॅक आणि एमकेव्हीमागचे मात्रोस्का ही दोन्ही स्वरूपे २०२४ मध्ये इंटरनेटच्या अधिकृत मानक दस्तऐवजांत दाखल झाली. एखादी कंपनी उद्या नाहीशी झाली, तरी या दस्तऐवजांवरून कोणीही नवा प्लेअर लिहू शकेल, म्हणून स्वरूप निवडताना ही कसोटी लावावी.

सर्वांत जास्त वेळ राखून ठेवावा तो फाइलींसोबतच्या माहितीसाठी. गाण्याला दिलेले तारे, कोणते गाणे किती वेळा ऐकले याची मोजणी, छायाचित्रातील चेहऱ्यांची नावे, अल्बमचा क्रम, अर्धवट पाहिलेल्या चित्रपटाची खूण हे सारे वर्षानुवर्षांच्या वापरातून साठते आणि बहुतेक वेळा ते फाइलीत नसून सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या नोंदवहीत असते. गूगलच्या पिकासा या छायाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये चेहऱ्यांना दिलेली नावे प्रामुख्याने अशीच राहत आणि ती छायाचित्रात लिहिण्यासाठी वेगळा पर्याय शोधून वापरावा लागे. १५ मार्च २०१६ नंतर पिकासाचा पाठिंबा थांबला, तोपर्यंत हा पर्याय अनेकांना ठाऊकही नव्हता. ॲपलच्या आयट्यून्स या गाण्यांच्या सॉफ्टवेअरनेही तारे आणि ऐकण्याची मोजणी आपल्या लायब्ररीच्या फाइलीत ठेवली. २०१९ मध्ये ॲपलने मॅकवर त्याचे संगीत, टीव्ही आणि पॉडकास्ट असे विभाजन केले, तेव्हा अशा नोंदी मजकुराच्या रूपात बाहेर काढून ठेवणे किती उपयोगाचे असते, हे पुन्हा दिसून आले. म्हणून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये माहिती फाइलीत लिहिण्याचा किंवा नोंदी निर्यात करण्याचा पर्याय कोठे आहे, ते शोधावे आणि तो सॉफ्टवेअर व्यवस्थित चालू असतानाच वापरावा. जुन्या छायाचित्रांच्या बाबतीत काढल्याची तारीख फाइलीच्या आत आहे की केवळ संगणकाने दाखवलेली आहे, हेही पाहावे. स्कॅन केलेल्या छायाचित्रांत आतली तारीख बहुधा स्कॅनच्या दिवसाची असते.

प्लेलिस्टची निर्यात केल्यानंतर ती साध्या नोटपॅडमध्ये उघडून वाचावी. एम३यू प्रकारच्या यादीत प्रत्येक ओळीवर एका गाण्याचा पत्ता असतो आणि तो जर ड्राइव्हच्या अक्षरापासून सुरू होत असेल, तर नव्या डिस्कवर एकही गाणे वाजणार नाही. सुरुवातीचा तो भाग ‘शोधा आणि बदला’ करून काढून टाकावा आणि यादी गाण्यांच्या मूळ फोल्डरमध्येच ठेवावी, म्हणजे संपूर्ण फोल्डर कोठेही हलवला तरी यादी चालते. देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर यादी एम३यू८ या प्रकारात, म्हणजे सर्व लिपींची अक्षरे सामावणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये, पुन्हा निर्यात करावी. जुनीच यादी नव्याने सेव्ह करून गेलेली अक्षरे परत येत नाहीत.

बॅकअपविषयी थोडक्यात सांगायचे तर, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा रुळलेला नियम पाळावा. वरील बदलांना हात घालण्यापूर्वीच मूळ संग्रहाची एक अस्पर्शित प्रत काढावी आणि नवी व्यवस्था स्थिरावेपर्यंत ती जपावी.

यानंतरच नवे सॉफ्टवेअर निवडावे. हा क्रम उलटा केला, की आपण पुन्हा त्याच परावलंबनात अडकतो. मीडिया सेंटरचा वारसा येथेही सापडतो. त्यासाठी लिहिलेल्या मीडिया ब्राउझर या जोडसाहित्यातून पुढे एम्बी हे घरच्या संग्रहासाठीचे सॉफ्टवेअर उभे राहिले, आणि २०१८ च्या अखेरीस एम्बीने आपला स्रोत (प्रोग्रामचा मूळ मजकूर) खुला ठेवणे बंद केल्यावर त्याच्या मुक्त भागातून जेलीफिन निघाले. कोडी हे आणखी जुने असून त्याचा उगम पहिल्या एक्सबॉक्स या गेमयंत्रासाठीच्या प्लेअरमध्ये आहे, आणि प्लेक्सही त्याच मुळातून फुटलेले. प्लेक्स बसवायला सोपे आणि दिसायला नेटके आहे; मात्र त्यात कंपनीकडे खाते उघडावे लागते, आणि एप्रिल २०२५ पासून स्वतःच्याच संग्रहातील व्हिडिओ घराबाहेरून पाहण्यासाठी शुल्क लागू झाले. ज्यांना ही सोय त्या शुल्काच्या मोलाची वाटते त्यांनी ते जरूर द्यावे, कारण सॉफ्टवेअर टिकायचे तर कोणीतरी त्याचा खर्च उचललाच पाहिजे. फक्त शर्ती पुन्हा बदलू शकतात, हे गृहीत धरून निवड करावी. जेलीफिनला खाते लागत नाही आणि शुल्कही नाही, पण ते चालवणाऱ्याला अडचणी स्वतः सोडवाव्या लागतात. कोणतेही निवडले तरी चित्रपटाच्या फोल्डरला नाव आणि प्रदर्शनाचे वर्ष असे नाव द्यावे, कारण ही पद्धत सगळ्यांना समजते, आणि पोस्टर व माहिती फाइलींशेजारीच साठवण्याचा पर्याय चालू ठेवावा.

नवी व्यवस्था जुन्यासोबत काही आठवडे चालू द्यावी आणि या काळात घरातील ज्या व्यक्तीला तंत्रज्ञानात रस नाही, तिच्या हाती रिमोट द्यावा. तिला हवे ते गाणे कोणाला न विचारता लावता येत नसेल, तर काम अपुरे आहे असे समजावे. जुना संगणक केवळ कुलूपबंद मुद्रणांसाठी ठेवायचा असेल, तर त्याला सुरक्षेची अद्यतने मिळत नसल्याने तो इंटरनेटपासून पूर्णपणे तोडावा.

जुने सॉफ्टवेअर काढण्यापूर्वी एक चाचणी घ्यावी. ज्या संगणकावर ते सॉफ्टवेअर कधीच नव्हते असा एक संगणक घ्यावा, त्याचे इंटरनेट बंद करावे, बॅकअपची डिस्क जोडावी आणि व्हीएलसीसारख्या साध्या प्लेअरने प्रत्येक प्रकारची एक फाइल उघडून पाहावी: एक गाणे, एक छायाचित्र, एक मुद्रित कार्यक्रम, सबटायटल असलेला एक चित्रपट आणि एक प्लेलिस्ट. जे उघडले नाही, त्याच्या नावापुढे खूण करून वरील ज्या टप्प्यात ते सुटले असेल तेथे परत जावे, आणि सर्व काही उघडेपर्यंत जुन्या सॉफ्टवेअरला हात लावू नये.