जुन्या पिकअपच्या तापमानाचा काटा सारखा वर-खाली होतोय? दोष असा शोधा

काटा मध्यावरून लाल पट्ट्यापर्यंत चढतो आणि पाच मिनिटांत मुकाट खाली येतो. असं झालं की बहुतेक जण आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर उघडून कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, बदलतात. बऱ्याचदा दोष तिथेच असतो, पण कमी झालेलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव), थकलेला फॅन क्लच (पंखा इंजिनाशी जोडणारा भाग), सुटलेली अर्थिंग किंवा गेलेलं हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) यांनीही काटा असाच हलतो. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी एक-दोन दिवस काटा नेमका केव्हा हलतो ते लिहून ठेवा.

काट्याच्या हालचालीवरून काय कळतं

गाडी उभी असताना काटा चढतो आणि वेग घेतल्यावर उतरतो, तर रेडिएटरमधून पुरेशी हवा जात नाहीये. पंखा, फॅन क्लच आणि पंख्याभोवतीचं आवरण तपासायचं. उलट उभ्या गाडीत सगळं ठीक, पण चढणीवर किंवा माल भरल्यावर काटा चढत असेल, तर कूलंटचा प्रवाह अपुरा आहे: रेडिएटर आतून चोंदलाय, बेल्ट घसरतोय किंवा रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) आत ओढला जातोय.

काटा चढताना हीटरमधून गार हवा येऊ लागली, तर कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. ही खूण सहसा चुकत नाही.

काटा क्षणात उडी मारत असेल तर इंजिनाकडे बघूच नका. एवढं लोखंड आणि कूलंट एका सेकंदात वीस अंशांनी तापू शकत नाही. तो विजेचा दोष आहे. हेडलाइट लावताच काटा सरकला तर अर्थिंग खराब आहे. इंधनाचा काटाही सोबत हलत असेल, तर काही जुन्या गाड्यांत मीटरच्या मागे असणारा छोटा व्होल्टेज रेग्युलेटर तपासा.

आधी पातळी आणि झाकण

गरम इंजिनाचं रेडिएटर झाकण कधीही उघडू नका. दाबाखालचं पाणी 100 अंशांच्या वर असूनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते वाफ होऊन अंगावर येतं. वरचा होज हाताला गार लागेपर्यंत थांबा. विजेचा पंखा असेल तर बॅटरीची वायर काढा, कारण काही गाड्यांत तो इंजिन बंद असतानाही सुरू होतो.

रेडिएटर काठोकाठ भरलेला हवा. बाजूच्या डब्यात कूलंट दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका: झाकणाचं रबर गेलं असेल तर डबा भरलेला आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं होतं. झाकणावर दाबाचा आकडा असतो, बहुधा 13 ते 16 पीएसआय. 15 पीएसआयच्या दाबाने कूलंटचा उत्कलनबिंदू वीसेक अंशांनी वाढतो. रबर कडक झालं किंवा चिरलं असेल तर त्याच आकड्याचं नवं झाकण लावा. मोठ्या आकड्याचं झाकण म्हणजे जुन्या होजना विनाकारण ताण.

काटा खरं बोलतोय का

इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घरावर (तो ज्यात बसतो त्या धातूच्या खोक्यावर) तापमान मोजा. चकचकीत अॅल्युमिनियमवर हे यंत्र बरंच कमी आकडा दाखवतं, म्हणून तिथे काळ्या इन्शुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. काटा चढला पण घराचं तापमान 85-90 वर स्थिर असेल, तर सेन्सर, त्याची वायर किंवा अर्थिंग बघा. कनेक्टर काढून हिरवी बुरशी घासा आणि इंजिन ते चॅसिस जाणारी अर्थिंगची पट्टी घट्ट करा. सेन्सरच्या टोकावर मल्टिमीटर लावून इंजिन तापू द्या. बहुतेक गाड्यांत रोध सलग कमी होत गेला पाहिजे. मध्येच उड्या मारल्या तर सेन्सर गेला. अनेक गाड्यांत मीटरचा आणि इंजिन कंट्रोलचा सेन्सर वेगवेगळा असतो, हे लक्षात ठेवा.

थर्मोस्टॅट

गार इंजिन सुरू करून वरच्या होजवर लक्ष ठेवा. तो बराच वेळ गार राहून मग थोड्या वेळात गरम झाला पाहिजे. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. काटा खूप चढल्यावर होज एकदम तापत असेल आणि काटाही लगेच कोसळत असेल, तर थर्मोस्टॅट चिकटतोय.

खात्रीसाठी तो काढून पाण्याच्या भांड्यात दोरीने लटकवा आणि पाणी तापवा. बुडाला टेकू देऊ नका, नाहीतर तळाची उष्णता फसवेल. त्यावर कोरलेल्या आकड्याजवळ, समजा 82 किंवा 88 अंशांना, तो उघडू लागतो आणि आणखी 10 ते 15 अंशांत पूर्ण उघडतो. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे आणि छोटी हलती पिन असेल तर ती वर. हवा तिथूनच निसटते. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवण्याची युक्ती वाईट आहे: इंजिन कायम थंड चालतं, इंधन जास्त लागतं आणि मूळ दोष झाकला जातो.

हवा काढणं

कूलंट बदलल्यानंतर सुरू झालेला त्रास बहुधा अडकलेल्या हवेचा असतो. सेन्सर वाफेच्या बुडबुड्यात आला की काटा भलतंच दाखवतो. गाडीचं नाक उंचावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर करा आणि गार इंजिनातच झाकण काढून इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी खाली जाईल, तेव्हा अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण ओतत राहा. बुडबुडे थांबले की झाकण लावा. हवा सोडण्याचा ब्लीड स्क्रू असेल तर तोही उघडा. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते विषारी आहे आणि त्याच्या गोडीमुळे जनावरं चाटतात.

पंखा, होज, रेडिएटर

इंजिन बंद करून फॅन क्लचचा पंखा हाताने फिरवा. गरम इंजिनात त्याने चांगला विरोध केला पाहिजे. मोकळा गरगरला किंवा मध्यावर तेलाचा थर दिसला तर क्लच गेला. खालचा होज वेगात चपटा होतोय का ते बघण्यासाठी कुणाला तरी 2500-3000 आरपीएमवर इंजिन धरायला सांगा. बऱ्याच होजच्या आत स्प्रिंग असते आणि ती गंजून नाहीशी होते. गरम रेडिएटरवर इन्फ्रारेड फिरवताना आजूबाजूपेक्षा बराच गार पट्टा मिळाला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. वॉटर पंपाखालच्या बारीक छिद्रातून ओल येत असेल तर सील संपलंय.

गॅस्केटची शंका

गार इंजिन सुरू करून मिनिटाभरातच वरचा होज दगडासारखा कडक झाला, रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबतच नसतील, कूलंट बाहेर न गळता कमी होत असेल, तर ज्वलनाचा वायू आत शिरतोय. रासायनिक ब्लॉक टेस्टरमधला (कूलंटमध्ये आलेला असा वायू ओळखणारं साधन) निळा द्रव पिवळा किंवा हिरवट झाला की शंका मिटली. मग गाडी चालवू नका. हेड काढल्यावर नुसतं गॅस्केट घालून परत बसवू नका. सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) हेडचा वाक मोजा आणि तो मॅन्युअलमधल्या मर्यादेबाहेर असेल तर हेड घासून घ्या.