एंजल माशांची अंडी दरवेळी पांढरी पडत होती, म्हणजे फळत नव्हती, कारण जोडीत दोन्ही माद्याच!

माझी एंजलची जोडी दर दहा-बारा दिवसांनी फिल्टरच्या पाइपवर अंडी घालायची आणि दोन दिवसांत सगळी पांढरी. मिथिलिन ब्लू (बुरशीवरचं औषध) टाकलं, हीटर २८ अंशांवर ठेवला, काही नाही, चार महिने नुसता जीव जळला. शेवटी अंडी घालायच्या आदल्या दिवशी टॉर्च मारून पोटाखालची प्रजननाची नळी बघितली, दोघींची जाड आणि बोथट! नराची बारीक, टोकदार असते. कपाळाच्या उंचवट्यावरून ओळखायला जाल तर फसाल. मग सहा पिल्लं आणून एकत्र वाढवली, त्यातली दोन कोपरा धरून बाकीच्यांना हाकलायला लागली तेव्हा बाकीची हलवली, अंडी घालताना परत नळ्या तपासल्या, एक टोकदार, एक बोथट. यावेळी अंडी मधाच्या रंगाची राहिली, तिसऱ्या दिवशी शेपट्या वळवळायला लागल्या.