गर्भपात, न्याय आणि मत: निवडणुकीआधी मंडळीत अभ्यासवर्ग कसा घ्यावा

निवडणूक जवळ आली की चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अमेरिकेतले व्हिडिओ फिरू लागतात. एकात गर्भपाताला विरोध करणाराच खरा ख्रिस्ती ठरतो, दुसऱ्यात गरिबांची बाजू घेणारा. गर्भपाताचा हक्क मान्य करणारा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७३चा रो निकाल आणि जून २०२२मध्ये तो रद्द करणारा डॉब्स निकाल यांच्याभोवती तिथलं राजकारण पन्नास वर्षं फिरलं. आपला कायदा वेगळा, पक्षही वेगळे. त्यामुळे वर्गाची सुरुवात त्या व्हिडिओंपासून करू नका.

माणसं १५ ते २० असावीत. बैठका दोन, प्रत्येकी दीड तासाची, मध्ये आठवड्याचं अंतर. दुसरी बैठक मतदानाच्या तीन आठवडे आधी संपलेली बरी. प्रचार तापला की कोणी शांतपणे ऐकत नाही. चर्चच्या आवारात उमेदवार, पक्षाचं पत्रक, झेंडा यातलं काही नको. धार्मिक संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरायला १९८८च्या कायद्याने मनाई आहे. शिवाय उमेदवाराच्या संमतीने कोणी ‘अमक्याला मत दिलंस तर देवाचा कोप होईल’ असं मतदाराला सांगितलं, तर १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली तो भ्रष्ट आचार ठरतो. व्यासपीठावरून बोलणाऱ्या फादरांना किंवा पाळकांना हे आधी दाखवून ठेवा.

पहिली बैठक वचनांची. पण वचन उघडण्याआधीची पाच मिनिटं सगळ्यात मोलाची. वीस जणांत गर्भपात केलेली बाई बसलेली असू शकते, तिला तो करायला लावणारा नवराही असू शकतो. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगा: इथे कोणी स्वतःची हकीकत सांगायची नाही, दुसऱ्याची तर नाहीच, आणि गर्भाचे फोटो कोणी दाखवायचे नाहीत. वर्ग बाईने चालवावा, मंडळीत नर्स असेल तर तिनेच. कॅथलिक धर्मग्रामात आणखी एक गोष्ट फळ्यावर लिहा. या पापाची क्षमा द्यायला बिशपांची खास परवानगी लागते असं अनेकांना अजून वाटतं. पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१६पासून तो अधिकार सगळ्या धर्मगुरूंना कायमचा दिला आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९९५च्या परिपत्रकातला ९९वा परिच्छेद तर थेट अशा स्त्रियांना उद्देशून आहे. तो मोठ्याने वाचा. हे राहून गेलं तर ज्यांना धीराच्या शब्दाची सर्वांत जास्त गरज आहे त्याच बायका दुसऱ्या बैठकीला येत नाहीत.

मग चार गट करा. एकाला स्तोत्रसंहिता १३९:१३-१६, दुसऱ्याला यिर्मया १:५, तिसऱ्याला लूक १:३९-४५, चौथ्याला निर्गम २१:२२-२५. चौथ्या गटाला किमान दोन भाषांतरं द्या. मारामारीत गरोदर बाईला धक्का लागतो, त्या जागी कुठे ‘गर्भपात होतो’ असा अर्थ घेतलेला आहे, कुठे ‘बाळ अवेळी जन्मतं’ असा. शिक्षा कशाबद्दल, हा सगळा प्रश्न त्या एका शब्दावर फिरतो. इथे वाद होणार. तो होऊ द्या, फक्त २० मिनिटांत थांबवा.

इतिहास थोडक्यात सांगा. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींच्या ‘डिडाखे’ या पुस्तिकेत गर्भपाताला स्पष्ट मनाई आहे, आणि कॅथलिक व ऑर्थोडॉक्स शिकवण आजही तीच आहे. प्रॉटेस्टंटांचं एकमत नाही. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी १९७१ साली बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या तब्येतीला धोका अशा प्रसंगी कायद्याने मुभा असावी असा ठराव केला होता. पुढे त्यांची भूमिका पूर्ण उलटली.

दुसऱ्या बैठकीची पहिली २० मिनिटं कायद्याला. १९७१चा वैद्यकीय गर्भपात कायदा, २०२१ची दुरुस्ती: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, ठरावीक परिस्थितीत २० ते २४ आठवड्यांपर्यंत दोघांचं, त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ. सज्ञान बाईला नवऱ्याची संमती लागत नाही. गर्भलिंग तपासणीला १९९४च्या कायद्याने बंदी आहे, तरी शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रातल्या मुली २००१ साली ९१३ होत्या, त्या २०११ला ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात ८०७. हे आकडे ऐकले की गर्भपात आणि सामाजिक न्याय हे दोन वेगळे कप्पे राहत नाहीत.

आता चिंचोके. पाच पुठ्ठ्यांवर पाच विषय लिहा: गर्भातलं जीवन, बाळंतपणाची सोय, दलित ख्रिस्तींचं आरक्षण, शेतमजुरांची मजुरी, हिंसा आणि द्वेष. प्रत्येकाला दहा चिंचोके द्या, ते त्याने पुठ्ठ्यांवर वाटून ठेवायचे. पहिली फेरी: ‘हे किती गंभीर?’ आकडे मांडून ठेवा, चिंचोके परत घ्या. दुसरी फेरी: ‘या निवडणुकीत निवडून येणारा माणूस याबाबत काय बदलू शकतो?’ दोन्ही फेऱ्यांचे ढीग क्वचितच सारखे येतात, आणि वर्गाचा गाभा तिथेच आहे. गर्भपाताचा केंद्रीय कायदा बदलणं जिल्हा परिषद सदस्याच्या हातात नाही, पण प्राथमिक आरोग्य केंद्र त्याच्याच अखत्यारीत येतं. दलित ख्रिस्तींना अनुसूचित जातींबाहेर ठेवणारा १९५०चा आदेश फक्त संसद बदलू शकते; १९५६ला शिखांसाठी आणि १९९०ला बौद्धांसाठी तिने तो बदललाही.

इथे हमखास कोणीतरी म्हणतं, ‘म्हणजे सगळं सारखंच?’ अमेरिकेतले कॅथलिक धर्माधिकारी कार्डिनल बर्नार्डिन यांनी १९८३मध्ये सगळ्या जीवनप्रश्नांना जोडणारी अखंड नीती मांडली, तेव्हाही हाच आक्षेप आला होता. प्रश्न एकमेकांना जोडलेले आहेत, त्यांचं वजन मात्र सारखं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या मते पहिल्या फेरीचा ढीग दुसऱ्या फेरीमुळे कमी करू नये. दोन्ही शेजारी ठेवावेत.

कोणाला मत द्यावं यावर वर्गात हात वर करायला लावू नका. त्याऐवजी प्रत्येक गटाने उमेदवाराला विचारायचे तीन प्रश्न लिहावेत, उत्तर हो-नाहीवर सुटणार नाही असे. ‘तुम्ही जीवनाच्या बाजूचे का?’ हा वाया गेलेला प्रश्न. ‘आपल्या आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता बाळंतपणाला कोण हजर असतं, आणि नसेल तर तुम्ही कोणत्या महिन्यापर्यंत नेमणूक करून घ्याल?’ हा चांगला. प्रश्नांच्या कागदावर मंडळीचं नाव घालू नका. ज्याने विचारायचा त्याने नागरिक म्हणून विचारावा.