फोनवर रंगवा सिद्धेश्वर तलावातलं प्रतिबिंब

फोनवर चित्र काढायला शिकायचं असेल तर सोलापूरकरांना विषय शोधत फिरायला नको. सिद्धेश्वर तलाव, पाण्यात उभं असलेलं मंदिर आणि खाली त्याचं प्रतिबिंब एवढं पुरतं. पेंटिंग ॲपची खरी ताकद लेअरमध्ये, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरांमध्ये असते आणि लेअर कसे वापरायचे ते प्रतिबिंब रंगवताना जितकं पक्कं कळतं तितकं दुसऱ्या कशाने कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

ॲप म्हणून मी आयबिसपेंट सुचवेन. जपानी कंपनीचं हे ॲप 2011 पासून आहे. जाहिराती येतात, पण शिकण्यापुरतं सगळं फुकट मिळतं आणि साध्या अँड्रॉइड फोनवरही चालतं. दुसरं ॲप असलं तरी पुढच्या पायऱ्या त्याच, फक्त बटणांच्या जागा बदलतील.

आधी फोन नीट करा

नाइट लाइट किंवा आय कम्फर्ट बंद करा. तो चालू असला की पडदा पिवळसर दिसतो आणि तुम्ही नकळत चित्रात जास्तीचा निळा भरता. ऑटो ब्राइटनेसही बंद ठेवा. आपल्याकडच्या उन्हात बाहेर बसून रंग ठरवू नयेत, कारण पडद्यावरचे गडद रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात. तलावावर फक्त फोटो आणि कच्चं रेखाटन करा, रंग घरी सावलीत बसून भरा. बोटाला घाम आला की रेघ तुटते, म्हणून सुती रुमाल जवळ असू द्या. पारदर्शक चकतीचा स्वस्त स्टायलस (पडद्यावर चालणारं पेन) मिळाला तर उत्तम, बोटाखाली झाकली जाणारी रेघ त्याने दिसते.

फोटो आणि कच्चं रेखाटन

सकाळी वारा पडलेला असताना जा. दुपारी बाराच्या उन्हात कळस सपाट दिसतो, सावल्या आकार दाखवत नाहीत. भुईकोट किल्ल्याच्या बाजूने पाण्यापलीकडचं मंदिर छान दिसतं. फोटोत मंदिराइतकंच पाणीही येऊ द्या.

ॲपमध्ये 1748 × 2480 पिक्सेलचा उभा कॅनव्हास घ्या. 300 डीपीआयला, म्हणजे छपाईत दर इंचाला 300 ठिपके धरले तर, हा बरोबर ए-5 आकार होतो. कॅनव्हास याहून फार मोठा केला तर फोनच्या मेमरीप्रमाणे लेअरची संख्या कमी होते.

फोटो आत घेताना ॲप विचारेल, त्यातून रेघा काढून देऊ का? नको म्हणा. आयत्या रेघांवर रंग भरून हात तयार होत नाही. फोटो संदर्भापुरता बाजूला उघडा ठेवा. सगळ्यात आधी सरळ रूलर लावून पाण्याची रेषा मारा, मग तिच्यावर मंदिराचे मोठे आकार बसवा. बारीक नक्षीचं आत्ता नावही काढू नका. रेखाटन जमलं की त्या लेअरची अपारदर्शकता 30 टक्क्यांवर आणा.

लेअर लावणं

सर्वांत खाली आकाश, त्यावर पाणी, त्यावर मंदिर आणि सगळ्यांच्या वर ते फिकट रेखाटन. मंदिराचा आकार एकाच रंगाने सपाट भरा. बादलीने भरताना रंग बाहेर सांडला तर बाह्यरेषेत कुठेतरी फट आहे, ती शोधून जोडा.

आता मंदिराच्या वर नवा लेअर घेऊन क्लिपिंग चालू करा. यापुढे या लेअरवर काहीही केलं तरी ते मंदिराच्या आकाराबाहेर जात नाही. त्याचा मोड (खालच्या रंगात मिसळण्याची पद्धत) मल्टिप्लाय ठेवा, त्याने खालचा रंग गडद होतो, आणि सावल्या भरा. सावलीला काळा घेऊ नका, निळसर जांभळा घ्या. काळ्याने चित्र मळकं दिसतं.

प्रतिबिंब

मंदिराचे आणि सावलीचे लेअर डुप्लिकेट करा, दोन्ही नकला एकत्र जोडा, उभ्या दिशेने उलट्या करा आणि खाली सरकवून पाण्याच्या रेषेला टेकवा. बरेच जण इथेच थांबतात. म्हणूनच त्यांचं पाणी आरशासारखं गुळगुळीत आणि खोटं दिसतं. खरं काम इथून पुढे आहे.

काठाला लागून असलेली भिंत पाण्यात जवळजवळ पूर्ण उतरते, पण काठापासून मागे असलेला कळस पाण्यात तोकडा दिसतो, कारण काठ त्याचा पायाकडचा भाग झाकतो. तुम्ही जितक्या उंचावरून बघाल तितका हा फरक वाढतो. किल्ल्याच्या तटावरून काढलेल्या फोटोत बोटाने मोजून बघा. म्हणून नकलेतला कळसाचा भाग वेगळा निवडा, थोडा वर सरकवा आणि पाण्याच्या रेषेवर चढलेला तुकडा पुसून टाका.

मग उजेड. उजळ भाग पाण्यात किंचित गडद होतात आणि गडद भाग किंचित उजळतात, म्हणजे दोन्ही एकमेकांच्या जवळ येतात. प्रतिबिंबावर क्लिपिंग लेअर घेऊन पाण्याचाच हिरवट रंग 25-30 टक्के अपारदर्शकतेने पसरा, दोन्ही कामं एकदम होतात.

शेवटी लाटा. सरसकट ब्लर लावू नका. स्मज ब्रश, म्हणजे रंग पुसट पसरवणारा ब्रश, फक्त आडवा, डावीकडून उजवीकडे ओढा. मंदिराजवळ लाटा बारीक आणि दाट, आपल्या पायाजवळ रुंद आणि विरळ. त्यामुळे प्रतिबिंब वर जवळपास अखंड राहतं आणि खाली येता येता तुटत जातं. एक-दोन ठिकाणी आकाशाच्या रंगाची बारीक आडवी रेघ मारली की पाणी हलायला लागतं. पायऱ्या जिथे पाण्याला भेटतात तिथे दगडाचा ओला, गडद पट्टा असतो. तो जरूर काढा, कारण त्यानेच मंदिर पाण्यात बसलेलं दिसतं.

संक्रांतीला होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा भरते, तेव्हाचं रात्रीचं चित्र करायचं असेल तर दिव्यांसाठी वेगळा लेअर घेऊन त्याला खालचा रंग उजळवणारा ॲड मोड लावा. दिवे रंगवल्यासारखे न दिसता पेटल्यासारखे दिसतात.

तपासणी

फोनवर आपण सतत झूम करून बारकाव्यात अडकतो. म्हणून दर थोड्या वेळाने चित्र अंगठ्याएवढं करून बघा. तेवढ्या आकारात मंदिर, पाणी आणि आकाश वेगळं ओळखू येत नसेल तर बारकावे कितीही भरले तरी फायदा नाही, आधी उजेड-अंधार सुधारा. चित्र आडवं उलटवूनही बघा, कळस एका बाजूला कलला असेल तर लगेच कळतं.

जतन आणि छपाई

मूळ फाइल लेअरसकट ॲपमध्येच राहू द्या आणि बाहेर देण्यासाठी पीएनजी काढा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबलं जातं, म्हणून छपाईवाल्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पडद्यावरचे झगझगीत निळे-हिरवे कागदावर मवाळ उतरतात. आधी एकच प्रत काढून घ्या, ती दिवसाच्या उजेडात बघा, पाणी फार काळवंडलं असेल तर प्रतिबिंबाचा लेअर थोडा उजळा आणि मगच बाकीच्या प्रती सांगा.