जुन्या फोटोमागची पुसट पेन्सिल कशी वाचली (माझा अनुभव)

आजीच्या लहानपणीच्या फोटोमागे पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं, पण पार पुसट. फोटोत आजीच्या शेजारी असलेली बाई कोण, हे सांगणारं घरात आता कुणी नाही. भिंग लावलं, १२०० डीपीआयवर (म्हणजे खूप बारकाईने) स्कॅन केलं, कॉन्ट्रास्ट वाढवला. हाती काहीच नाही. फार जीव जळला.

चुकत होता तो उजेड. स्कॅनरच्या सपाट उजेडात पेन्सिलीच्या दाबाने पडलेल्या खाचा दिसत नाहीत.

मग खोलीत अंधार केला. फोटो मऊ, स्वच्छ कापडावर पालथा ठेवला. मोबाइल स्टँडवर, बरोबर वरून. फ्लॅश बंद, टायमर ३ सेकंद. टॉर्च कागदाच्या कडेशी जवळजवळ आडवी धरून फोटो काढला, मग उरलेल्या तिन्ही बाजूंनी एकेक. चारही हवेतच, कारण उजेडाला समांतर गेलेली रेघ उठत नाही. शेवटी चारही कृष्णधवल करून शेजारी शेजारी ठेवले.

आधी 'व'ची गाठ दिसली, मग काना. 'थोरली मावशी'. आजी जिच्या आठवणीने हळवी व्हायची, तीच ही. आजी तिच्या मांडीला रेलून बसली आहे.

मूळ अक्षरांवर पेन्सिल मात्र फिरवू नका. खाचा कायमच्या बिघडतात.