मियाटा ट्रॅकवर न्यायचीय? हॉर्सपॉवरचं नंतर बघू, आधी ब्रेक ऑइल बदला

माझ्या पहिल्या ट्रॅक डेची (स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस) गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं मी असं का लिहितोय ते कळेल. न्यू जर्सीत मिलव्हिलला न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्क आहे, आमच्या एडिसनपासून दीड-एक तास, तिथला थंडरबोल्ट हा सव्वादोन मैलांचा ट्रॅक. दुसरं सेशन, सरळ पट्टा संपत आलेला, ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला. पायाखाली काहीच नाही! दोन-तीनदा पटापट पंप केल्यावर थोडं प्रेशर आलं, तोवर आम्ही गवतात. गाडीला काही झालं नाही, बंपरमध्ये गवत अडकलं तेवढंच, पण शेजारी बसलेला इन्स्ट्रक्टर बराच वेळ गप्प होता आणि मग एकच प्रश्न विचारला, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंस? मी गाडी घेऊन तीन वर्षं झाली होती, त्यात नवीन एक्झॉस्ट बसवला होता, इनटेक बसवला होता, भारीतला शिफ्ट नॉब पण बसवला होता. ब्रेक ऑइल मात्र आधीच्या मालकाचंच.

गाडी १९९९ ची माझदा मियाटा, दोन सीटची, टप उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार, तिची दुसरी पिढी, म्हणजे एनबी. १.८ लिटर, १४० हॉर्सपॉवर, वजन हजार-अकराशे किलोच्या आसपास. ताकद फार नाही, पण हलकी गाडी ब्रेक कमी तापवते, टायर कमी खाते, आणि पार्ट स्वस्त. अमेरिकेत ट्रॅकवर इतक्या मियाटा का दिसतात याचं उत्तर याच्यातच आहे. खाली आकडे याच गाडीचे आहेत पण क्रम कुठल्याही गाडीला चालेल. पुण्यातल्या माझ्या भाच्याने विचारलं होतं, मामा आमच्याकडे मियाटा अधिकृतपणे कधी विकलीच नाही तर मी काय करू, तर त्याला म्हटलं तुझी पोलो घेऊन चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जा, पण जायच्या आधी हेच सगळं कर.

तर ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, बाटली न उघडता ठेवली तर ठीक, पण गाडीत दोन-तीन वर्षांत पाणी शिरतंच. साध्या डॉट ४ चा उकळबिंदू ताजं असताना कमीत कमी २३० डिग्री सेल्सिअस असावा लागतो, त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी गेलं की तोच १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. रस्त्यावर १५५ सुद्धा पुरतात. ट्रॅकवर दर मिनिटाला दोन-तीनदा जोरात ब्रेक मारल्यावर कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) इतका तापतो की ऑइल आतच उकळतं, वाफ होते, आणि द्रव दाबला जात नाही पण वाफ मस्त दाबली जाते, म्हणून पेडल तळाला. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही असं झालं तर ती भानगड वेगळी, तेव्हा पॅड त्याच्या तापमानाच्या पलीकडे गेलेलं असतं. हा फरक लक्षात ठेवा, कारण पहिल्यात ऑइल बदलायचं आणि दुसऱ्यात पॅड.

मी मोटुल आरबीएफ ६०० वापरतो, ताजं असताना ३१२ डिग्रीपर्यंत उकळत नाही. सीझनच्या सुरुवातीला पूर्ण बदलायचं आणि दर एक-दोन ट्रॅक डेनंतर चारही चाकांच्या ब्रेकमधली थोडी थोडी एअर काढायची. पद्धत जुनीच. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा) सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे इथल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं उजवं, मग मागचं डावं, पुढचं उजवं, शेवटी पुढचं डावं. ब्लीडरच्या (कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू) निपलला पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या चांगल्या ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं (आमच्याकडे लोणच्याची रिकामी बरणी असते, तिच्यावर मोठ्ठं "लोणचं नाही" लिहिलंय). बायको सीटवर बसते, मी चाकापाशी आडवा. ती पेडल दाबून ओरडते "दाबलंय", मी पाना पाव फेरा फिरवतो, नळीतून काळपट ऑइल आणि बुडबुडे येतात, मी पाना आवळतो आणि म्हणतो "सोड". पाना आवळायच्या आधी तिने सोडलं तर बाहेरची हवा आत आणि सगळं पहिल्यापासून, यावरून आमची दोनदा भांडणं झालीयेत आणि एकदा चूक माझी होती. मास्टर सिलिंडरवरची ऑइलची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, दर सात-आठ दाबांनंतर भरायची. ऑइल रंगावर सांडलं की रंग खातं, लगेच पाणी मारा. आणि क्लचचं ऑइल विसरू नका, मियाटात त्याची टाकी वेगळी आहे आणि क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा) गळणं हे या गाडीचं जुनं दुखणं आहे.

पॅड ट्रॅकचे घ्या. आवाज करतात, रिम काळ्या करतात, थंड असताना कमी पकडतात, म्हणून मी ते आदल्या दिवशी बसवतो आणि परत आल्यावर काढतो. नवीन पॅड बसवून थेट ट्रॅकवर पळायचं नाही. रिकाम्या रस्त्यावर साठ मैलांच्या स्पीडवरून दहापर्यंत आठ-दहा वेळा जोरात ब्रेक मारायचा, पूर्ण थांबायचं नाही, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवून थंड करायची. पॅडचा एक पातळ थर डिस्कवर सारखा बसला पाहिजे, सगळा खटाटोप त्याच्यासाठी. तापलेल्या ब्रेकवर पाय ठेवून उभं राहिलात तर पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो आणि मग प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं, लोक म्हणतात डिस्क वाकली, बहुतेक वेळा वाकलेली नसते. पॅड अर्धा झाला की मी बदलतो, कारण पातळ पॅडमधून उष्णता सरळ कॅलिपरच्या पिस्टनला आणि तिथून ऑइलला जाते.

आता इंजिन थंड ठेवणं. मियाटाचं १.८ इंजिन मुळात माझदाच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांचं, तिथे ते आडवं बसायचं. मियाटात उभं बसवताना थर्मोस्टॅट (कूलंटला वाट देणारी झडप) पुढे आणला, त्यामुळे मागच्या चौथ्या सिलिंडरपाशी कूलंटचा प्रवाह कमी पडतो आणि तो जास्त तापतो. यावर रीरूट नावाचा मॉड (गाडीत करायचा बदल) आहे, कूलंट मागून बाहेर काढायचा. पण नुसतं शिकायला जाणाऱ्याला पहिल्या वर्षी त्याची गरज नाही. आधी रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी बघा, काळी असेल तर बरं, हिरवट-तपकिरी झाली असेल तर ती कधीही फुटू शकते, रेडिएटरच बदला. होजेस दाबून बघा, मऊ पडल्या असतील किंवा चिरा असतील तर बदला. टायमिंग बेल्टची इथली मुदत ६० हजार मैल, गाडी सेकंड हँड असेल आणि बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून चाला, आणि त्याच्याबरोबर वॉटर पंप.

गाडीच्या खालचं प्लॅस्टिकचं कव्हर आधीच्या मालकाने ऑइल बदलताना कंटाळून फेकून दिलेलं असतं, माझ्या गाडीत पण नव्हतं. ते फालतू वाटतं पण हवा रेडिएटरमधून जायला लावणारं तेच आहे, नाहीतर हवा सोपा रस्ता धरून खालून निघून जाते. ते परत बसवा आणि रेडिएटरच्या बाजूच्या फटी फोमने बुजवा. दहा डॉलरचा फोम, एक संध्याकाळ. आणखी एक, डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, एनबीचा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला आहे, मधोमध बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडीला (गाडीच्या कॉम्प्युटरचं सॉकेट) छोटं ब्लूटूथवालं यंत्र लावून फोनवर खरा आकडा बघा.

इंजिन ऑइल साधारण ४ लिटर लागतं फिल्टरसकट. मी तीन ट्रॅक डेला बदलतो. दर सेशननंतर गाडी सपाट जागी लावून पाच मिनिटांनी डिपस्टिक बघायची आणि लेव्हल वरच्या खुणेला ठेवायची, कारण लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं, लेव्हल कमी असेल तर पंप हवा ओढतो. पेट्रोलचंही तसंच, टाकी पावाच्या खाली गेली की वळणात इंजिन अडखळतं, आणि ट्रॅकवर पेट्रोल अक्षरशः पाण्यासारखं जातं.

टायर. २०० ट्रेडवेअरचे (टायर किती टिकतो त्याचा आकडा, कमी म्हणजे जास्त चिकट) चांगले टायर हा एकच मॉड मी पहिल्या वर्षी मान्य करतो, आणि तोसुद्धा पहिले दोन-तीन दिवस साध्या टायरवर चालवल्यानंतर, कारण साधे टायर किंचाळून सांगतात की बास, चिकट टायर सांगत नाहीत, एकदम सोडतात. हवा सकाळी २६-२७ पीएसआय ठेवून निघतो, तापल्यावर ३१-३२ व्हायला हवी. पिटमध्ये (ट्रॅकबाहेर थांबायची जागा) आल्या आल्या मोजायची, चहा पिऊन नाही. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या ट्रॅकवर डावीकडचे टायर जास्त तापतात, म्हणून चारही आकडे वेगळे येतात, ते वहीत लिहा. टायरच्या कडेला, जिथे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, खडूने रेघा मारा, सेशननंतर खडू किती पुसला गेला ते बघा. खालपर्यंत पुसला म्हणजे टायर लोळतोय. हवा वाढवा, नाहीतर कॅम्बर.

कॅम्बर म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवणं. वळणात गाडी कलते तेव्हा बाहेरच्या चाकाचा पूर्ण पट्टा जमिनीला टेकावा म्हणून. माझी सेटिंग पुढे उणे अडीच, मागे उणे दोन, पुढे टो (चाकाचं पुढचं टोक आत-बाहेर वळवणं) शून्य, मागे किंचित आत. पुढे अडीच मिळवायला गाडी थोडी खाली आणावी लागली. हे न करता फिरलात तर पुढच्या टायरची बाहेरची कड दोन दिवसांत खवणीने खरवडल्यासारखी होते आणि आतला भाग नवाकोरा राहतो.

नट. हसू नका. मियाटाच्या चाकाच्या नटांना ६५ ते ८७ फूट-पाउंड लागतात, मी ८० ला आवळतो, टॉर्क रेंचने, गाडी जमिनीवर असताना, समोरासमोरच्या क्रमाने. पहिल्या सेशननंतर चाकं थंड झाली की परत एकदा. इम्पॅक्ट गनने काढा हवं तर, पण लावताना शेवटचा हात टॉर्क रेंचचाच. आटे खराब झालेला स्टड (नट बसतो तो दांडा) दिसला की त्याच दिवशी बदला, तो उद्यावर ढकलायचा विषय नाही.

मियाटा उघडी गाडी आहे म्हणून ट्रॅक डे भरवणारे बहुतेक क्लब रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची लोखंडी कमान) मागतात. झाडूच्या काठीची टेस्ट असते. बारच्या टोकापासून विंडशील्डच्या वरच्या कडेपर्यंत काठी धरायची आणि हेल्मेट घातलेलं डोकं तिच्या खाली राहिलं पाहिजे, मी पाच फूट अकरा, सीटचा फोम कापावा लागला. बारला कडक पॅडिंग लावा, कारण रस्त्यावर हेल्मेट नसतं आणि बार डोक्याच्या अगदी मागे असतो. हेल्मेट स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं एसए, म्हणजे गाड्यांच्या शर्यतीचं, रेटिंगवालं घ्या, मोटरसायकलचं एम रेटिंग अनेक ठिकाणी चालत नाही, आगीची टेस्ट फक्त एसएला असते. आणि विमा! नेहमीची पॉलिसी ट्रॅकवरचं नुकसान बहुधा भरत नाही, बारीक अक्षरं वाचा, एका दिवसाचा वेगळा विमा मिळतो.

त्या दिवशी काय करायचं ते थोडक्यात. गाडीतून सगळं बाहेर काढा, सीटखालची बाटली सुद्धा, ती घरंगळत पेडलखाली जाते. ब्रेक लाइट लागतात का, बॅटरी हलते का, कुठे गळतंय का, हे तपासायला माणूस येतोच, त्याच्या आधी तुम्ही तपासा. वीस मिनिटांच्या सेशनचा शेवटचा राउंड ब्रेक जवळजवळ न लावता, वरच्या गिअरमध्ये, गाडीला वारा लागू द्या. पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारचं पार्किंग) येऊन हँडब्रेक ओढायचा नाही, मागचे पॅड तापलेल्या डिस्कला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा. बॉनेट उघडा. मग दशम्या-चटणी काढा, बाकीचे सगळे आपोआप तुमच्या तंबूत येतात.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी जॅकवर आणि मग स्टँडवर (नुसत्या जॅकवर कधीच नाही, खाली हातसुद्धा घालायचा नाही), प्रत्येक चाक वर-खाली धरून हलवा. खटखट आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावी-उजवीकडे आली तर टाय रॉड. चिकट टायर लावल्यावर मियाटाचे पुढचे हब (चाक बसतो तो भाग, बेअरिंग त्याच्यातच) लवकर जातात. रविवारी माझ्या पुढच्या उजव्या चाकाला अगदी बारीक खटखट लागली, मुलाला ब्रेक दाबून धरायला लावला तर ती थांबली, म्हणजे बॉल जॉइंट नाही, बेअरिंगच. हब ऑर्डर केलाय, गुरुवारी येतोय, आणि एक्झॉस्ट विकायला काढलाय, कुणाला हवा असेल तर सांगा.