मॅकवर पायथनची विंडो उघडण्याआधी बिल्ड तपासा

मॅकवर पायथनमध्ये डेस्कटॉप अ‍ॅप करायला घेताय? मग कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी तुमचं पायथन फ्रेमवर्क बिल्ड (म्हणजे मॅकच्या पद्धतीने, आत छोटं अ‍ॅप घेऊन बांधलेलं पायथन) आहे का ते बघा. कोड बरोबर असूनही मी इथेच अडकलो होतो आणि तो वैताग अजून आठवतो.

पायएन्व्हने (पायथनच्या वेगवेगळ्या आवृत्त्या टाकणारं साधन) नेहमीच्या पद्धतीने टाकलेलं पायथन हे साधं युनिक्स बिल्ड असतं. सर्व्हरची, डेटाची कामं त्यावर बिनबोभाट चालतात. डब्ल्यूएक्सपायथन (विंडो, बटणं बनवायची लायब्ररी) मात्र 'स्क्रीन लागतो, फ्रेमवर्क बिल्ड वापरा' अशा अर्थाचा निरोप देऊन थांबतं. कारण असं, की डॉकमधला आयकॉन, वरचा मेन्यूबार, कीबोर्डचा फोकस हे सगळं मॅक अ‍ॅप बंडल (अ‍ॅपच्या फायली एकत्र ठेवणारं फोल्डर) बघून देतो. फ्रेमवर्क बिल्डच्या पोटात पायथनचं एक छोटं अ‍ॅप बंडल असतं आणि टर्मिनलवर दिलेली पायथन कमांड शेवटी त्यालाच चालू करते. साध्या बिल्डमध्ये ते बंडलच नसतं. कोडमध्ये कितीही शोधा, सापडणार काहीच नाही.

बिल्ड तपासायला पायथनच्याच सिसकॉन्फिग मॉड्यूलला 'पायथनफ्रेमवर्क' या व्हेरिएबलची किंमत विचारा. रिकामी स्ट्रिंग आली, तर कॉन्फिगर या बिल्डआधी चालणाऱ्या स्क्रिप्टला 'इनेबल फ्रेमवर्क' हा पर्याय देऊन पुन्हा बिल्ड करा. पायएन्व्हला तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्यावा लागतो. जुन्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी ठेवलेली पायथनची जागा) काढून टाका आणि नव्या करा, त्यात वेळ वाचवायला जाऊ नका.

'सगळं उडवून परत टाक' असं सांगणाऱ्या सीनियरचं मी आता ऐकत नाही. तुझं बिल्ड कुठलं, हे जो आधी विचारतो त्याच्याकडे जा.

घाबरू नका, स्वतः बिल्ड करायलाच हवं असं नाही. पायथनच्या अधिकृत साइटवरचा इन्स्टॉलर आणि होमब्रूचं (मॅकवर सॉफ्टवेअर टाकायचं साधन) पायथन, दोन्ही फ्रेमवर्क बिल्डच आहेत. शिकताना अधिकृत इन्स्टॉलरच घ्या, टीके (विंडो काढणारी लायब्ररी) त्याच्यासोबतच येतं. अ‍ॅपलच्या कमांड लाइन टूल्समधल्या पायथनवर टीकेइंटरचं (पायथनमधून टीके वापरायचं मॉड्यूल) काम अजिबात करू नका, तिथे कालबाह्य ठरवलेलं टीके ८.५ गाठ पडतं.

स्वतः बिल्ड करणाऱ्यांनी मेक या बिल्ड करणाऱ्या कमांडचं आउटपुट शेवटपर्यंत वाचावं. टीके सापडलं नाही तरी बिल्ड यशस्वीच होतं. न झालेल्या मॉड्यूलच्या यादीत टीकेइंटरचं नाव तेवढं येतं. इन्स्टॉल झाल्यावर टीकेइंटर मॉड्यूल थेट चालवून बघा. छोटी चाचणी विंडो आली, तिच्यावरचं बटण दाबलं गेलं, की कोडला लागा.